हे अजून आत आहेत

फोटोतून माणूस काढायला येणारी गिऱ्हाइकं न विचारताच कारण सांगतात. भाऊबंदकी झालेली असते, सोयरीक मोडलेली असते, नाहीतर ग्रुप फोटोत मधेच भलतंच कुणीतरी येऊन उभं राहिलेलं असतं. आम्ही मान डोलावतो आणि माऊस हातात घेतो. ती बाई मात्र काहीच बोलली नव्हती.

२००८ सालचा मे महिना होता. सांगलीच्या मारुती चौकात दुपारी दोनच्या उन्हात कुत्रंसुद्धा फिरकत नाही, अशा वेळी ती आली. बरोबर चार-पाच वर्षांचा मुलगा. हातरुमालात गुंडाळून आणलेलं कॅमेऱ्याचं कार्ड तिनं काउंटरवर ठेवलं. कार्डात पंधरा-वीस फोटो होते, त्यातला एक तिनं दाखवला. हरिपूरचा घाट, मागं कृष्णा-वारणेचा संगम, पायरीवर ती बसलेली, पुढ्यात मुलगा उभा आणि डाव्या कडेला एक माणूस. त्याचा हात मुलाच्या खांद्यावर.

"ह्यांना काढा," ती म्हणाली.

माणूस कडेला होता, त्यामुळं त्याला कापणं सोपं होतं. अवघड होता तो हात. कडेची पट्टी उडवली तरी मुलाच्या खांद्यावर चार बोटं तशीच राहिली. मुलाच्या अंगात चौकड्याचा शर्ट. चौकडीची रेघ रेघेला जुळवत, एकेक बोट झाकत तासभर गेला. मुलगा तोवर स्टुलावर बसून पाय हलवत होता. काम झाल्यावर तो खांदा इतका स्वच्छ दिसला, की तिथं कधी कुणाचा हात होता असं कुणी म्हणालं नसतं. दोन मोठ्या प्रिंट काढून दिल्या. भावाला पुण्याला पाठवायचाय म्हणाली, म्हणून फोटो सीडीवरही टाकून दिला.

चौथ्या दिवशी ती परत आली. एकटीच. सीडी काउंटरवर ठेवली आणि अगदी हळू म्हणाली, "दादा, हे अजून आत आहेत की."

मला वाटलं, चुकून मूळ फोटोची सीडी गेली. सीडी घालून फोल्डर उघडला. फोल्डरमध्ये फोटोंचे छोटे चौकोन दिसतात ना, तसा एकच चौकोन दिसला. त्यात तिघं होती. त्यावर क्लिक केलं, मोठा फोटो उघडला. त्यात दोघं. बंद केला. चौकोनात पुन्हा तिघं. असं मी तीन-चारदा केलं असेल. ती माझ्या शेजारी उभी राहून बघत होती.

"भावजयीनं आधी बघितलं," एवढंच ती म्हणाली. त्या वाक्यामागं माहेरच्या घरात काय काय झालं असेल ते मला विचारायचं धाडस झालं नाही.

मी कोरी फाइल घेतली, दोघांचं चित्र उचलून त्यात टाकलं, नव्या नावानं सेव्ह केलं. आता चौकोनातही दोघंच दिसली. नवीन सीडी दिली, पैसे घेतले नाहीत. जुनी सीडी हातात घेऊन विचारलं, "ही मोडून टाकू?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "राहू दे तुमच्याकडं."

सीडीच्या कागदी पाकिटावर मी लाल पेनानं लिहिलं : देऊ नये.

ती सीडी मी विश्रामबागच्या घरी नेली आणि पुढं कित्येक रात्री तिच्यातल्या त्या एका फाइलचा पिच्छा पुरवला. तेव्हा कळलं ते असं. डिजिटल कॅमेरा फोटो काढतो तेव्हा फाइलमध्ये एक चित्र नसतं, दोन असतात. एक मोठं, जे आपण बघतो. दुसरं अगदी लहान, साधारण १६० बाय १२० ठिपक्यांचं, फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत दडवलेलं. त्याच माहितीत तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं नाव असतं. हिला एक्झिफ म्हणतात. छोटं चित्र कशासाठी, तर फोल्डर उघडल्यावर पटकन दाखवायला. मोठं चित्र दर वेळी उलगडत बसायला वेळ लागतो म्हणून. या छोट्या चित्राला थंबनेल म्हणतात, म्हणजे अंगठ्याचं नख. मी ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम केलं होतं, त्यानं मोठं चित्र कापलं, खांद्यावरची बोटं पुसली आणि नखाएवढं चित्र होतं तसं राहू दिलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आत आणखी एक आहे.

मी तेव्हा याला चूक म्हणत होतो, सॉफ्टवेअरची बारीकशी चूक. आज तसं म्हणवत नाही. अशा चुकीला सुरक्षेतली त्रुटी म्हणतात, कारण कुणाची तरी सुरक्षितता त्यावर टेकलेली असते. त्या बाईची टेकलेली होती.

हा धंदा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्यांच्या डार्करूममध्ये माझं लहानपण गेलं. लाल दिवा, डेव्हलपरचा ट्रे, फोटो पक्का करणाऱ्या द्रावणाचा म्हणजे हायपोचा ट्रे, दोरीला चिमट्यांनी अडकवलेले ओले ब्रोमाइड, म्हणजे फोटोचे कागद. फोटोच्या कडा नागमोडी कापायचं कटर होतं. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, कडक पापड मोडावा तसा. कापून पडलेल्या पट्ट्या गोळा करून पाण्याच्या बंबात घालायचं काम माझं. कुणाच्या तरी कोपराचा तुकडा, कुणाच्या पदराचं टोक, अर्धी खुर्ची. हे सगळं बंबात जायचं आणि त्याच पाण्यानं आम्ही अंघोळ करायचो.

म्हणजे कापलेलं नाहीसं होत होतं का? अण्णांच्या काळातही होत नव्हतं. कागद जळायचा, निगेटिव्ह राहायची. फोटो मोठा करायच्या यंत्राखाली, एन्लार्जरखाली, पट्ट्या सरकवून अण्णा नको तो माणूस बाहेर ठेवायचे, पण निगेटिव्हमध्ये तो असायचाच. निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात, पाकिटं नंबर घालून बुटांच्या खोक्यांत, खोकी लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली अण्णांच्या जानव्याला. कुणी नातेवाईक येऊन म्हणाला, "त्या फोटोची एक कॉपी द्या, पूर्ण फोटोची," तर अण्णा म्हणायचे, "ज्यानं काढून घेतलाय त्याला घेऊन या." निगेटिव्ह आपली नसते, आपण राखणदार, हे त्यांचं वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेन. गावातली किती लपवलेली माणसं त्या कपाटात होती हे अण्णांना ठाऊक होतं आणि ते त्यांनी कधी घरातही सांगितलं नाही.

सगळा फरक मला इथं दिसतो. तेव्हा कापलेला भाग आमच्याकडं राहायचा. तो कुठं आहे हे आम्हाला माहीत असायचं, आणि किल्ली एका माणसाकडं असायची. त्या सीडीत कापलेला माणूस फोटोबरोबरच गेला. नेणारीला माहीत नाही, देणाऱ्याला माहीत नाही, आणि किल्ली कुणाकडंच नाही. ज्यानं फोल्डर उघडला त्याला तो दिसला.

अण्णांकडं महिन्या-दोन महिन्यांनी विट्याकडचा एक गलाईवाला यायचा. आमच्या जिल्ह्यात खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, त्यांतलाच हा एक. तो वापरलेला हायपो न्यायचा. फोटो धुताना ब्रोमाइडवरची आणि फिल्मवरची चांदी हायपोत उतरते. आमच्या लेखी ते ओतून टाकायचं घाण पाणी, तो त्यातून चांदी काढायचा. मी एकदा विचारलं, यात चांदी दिसत तर नाही. तो म्हणाला, "बाळ, दिसत नाही म्हणून तर तुम्ही टाकून देताय." सराफकट्ट्यावरचा केर धुणारे झारेकरीही असेच. टाकणाऱ्याच्या दृष्टीनं जे संपलं, तिथं यांचा दिवस सुरू होतो. हा माणूस मला पुढं बऱ्याच वर्षांनी आठवला.

मार्च २०२३. बातमी आली की गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये स्क्रीनशॉट कापायचं जे साधन आहे, मार्कअप नावाचं, त्यानं कापलेल्या चित्रातून कापलेला भाग परत मिळवता येतो. सायमन ॲरन्स यांना ही त्रुटी सापडली, आणि डेव्हिड ब्यूकॅनन यांच्याबरोबर त्यांनी ती जगापुढं मांडली. नाव ठेवलं ॲक्रोपलिप्स. क्रॉप म्हणजे कापणं आणि अपोकलिप्स म्हणजे प्रलय, दोन्ही एकत्र. उदाहरण म्हणून दाखवलेलं चित्र बँकेच्या कार्डाचं होतं. नंबरावर काळी रेघ मारलेली, बाजू कापलेली, आणि शेजारी त्याच फाइलमधून उकरून काढलेला तो नंबर. मी ते चित्र बघितलं आणि सरळ मे २००८ च्या दुपारी जाऊन उभा राहिलो.

घडत काय होतं ते सांगतो, कारण ते समजायला अवघड नाही. समजा स्क्रीनशॉटची फाइल ८०० केबीची आहे. तुम्ही कापलात, उरलेलं चित्र २०० केबीत बसतं. फोन ते त्याच नावाच्या जुन्या फाइलवर लिहितो. नीट लिहायचं तर आधी जुनी फाइल रिकामी करायची आणि मग नवीन लिहायचं. इथं रिकामी करायचं राहूनच गेलं. नवीन २०० केबी सुरुवातीला लिहिले गेले, पुढचे जुने ६०० केबी तसेच पडून राहिले. दुकानदारानं शंभर पानी वहीची पहिली पंचवीस पानं खोडून त्यावर नवा हिशेब लिहावा आणि खाली 'समाप्त' लिहावं, तसं. स्क्रीनशॉट ज्या प्रकारात साठवला जातो, त्या पीएनजी फाइलमध्ये खरंच अशी समाप्तीची खूण असते. चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर ती खूण आली की थांबतं. पुढची पंच्याहत्तर पानं कुणी उलटतच नाही.

आणि रिकामी करायचं राहिलं का, तर एका अक्षरासाठी. फाइल लिहायला उघडताना प्रोग्रॅमर 'डब्ल्यू' असं सांगतो. कित्येक दशकांची रूढ समजूत अशी की 'डब्ल्यू' म्हटलं की जुनं आपोआप पुसलं जातं. अँड्रॉइड १० पासून या ठिकाणचा अर्थ बदलला. आता पुसून हवं असेल तर 'डब्ल्यूटी' म्हणावं लागतं. 'टी' म्हणजे ट्रंकेट, छाटणे. ज्यांनी आधीचाच 'डब्ल्यू' ठेवला त्यांचं छाटणं बंद झालं आणि कुठंही तक्रारीचा एक शब्द उमटला नाही. फोटो उघडत होते, कापलेले दिसत होते, सगळं ठीक वाटत होतं.

उरलेले जुने ६०० केबी वाचणंही सोपं नव्हतं. पीएनजीतलं चित्र दाबून भरलेलं असतं आणि दाबताना पुढचा मजकूर मागच्या मजकुराकडं बोट दाखवत जातो : "मघाशी अमुक ठिकाणी जे होतं, तेच इथं पुन्हा." हे बोट ३२ केबीपर्यंत मागं जाऊ शकतं. सुरुवातच पुसली गेली असेल तर बोट दाखवायचं कुणाकडं? म्हणून शेपूट हाती लागलं तरी निरुपयोगी, असं कुणालाही वाटावं. ब्यूकॅनन यांनी मधूनच वाचायला सुरुवात कशी करायची ती जागा शोधली, जिथं मागचं माहीत नाही तिथं खोटा मजकूर धरला आणि पुढं वाचत गेले. थोडं अंतर गेलं की ओळी जुळू लागतात. मूळ चित्राचा वरचा भाग जातो, खालचा भाग परत येतो. हे वाचताना मला तो हायपो नेणारा विट्याचा माणूस आठवला. दोघांनीही आम्ही ओतून दिलेल्याकडं नीट बघितलं होतं.

पिक्सेल फोन आमच्या सांगलीत क्वचितच दिसायचे. पण काही दिवसांतच कळलं की विंडोज ११ मधल्या स्निपिंग टूलमध्ये आणि विंडोज १० मधल्या स्निप अँड स्केचमध्येही तोच दोष आहे. त्याच फाइलवर कापून सेव्ह केलं की जुनं शेपूट मागं राहतं. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी साधनं, एकच विसर. दोघांनीही मार्च २०२३ मध्येच दुरुस्ती दिली. ती तातडीनं दिली, हे मान्य करायला हवं. पण दुरुस्ती साधनाची झाली. त्याआधी कापून पाठवलेल्या फायली ज्याच्या त्याच्या मेलमध्ये, पेनड्राइव्हवर, ऑफिसांच्या संगणकांत होत्या तशाच आहेत. त्या कुणी दुरुस्त करत नाही, करूही शकत नाही.

त्या आठवड्यात मला दुकानात दोन गोष्टींनी फार अस्वस्थ केलं.

पहिली, केबी. आम्ही दिवसभर केबी मोजतो. बँकेच्या परीक्षेच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. पोरं रांगेत उभी असतात, "काका, पन्नासच्या आत बसवा." चित्र लहान केलं की केबी उतरतात, हे आम्हाला श्वास घेण्याइतकं ठाऊक. आणि या त्रुटीची खूणही नेमकी तीच होती : चित्र अर्ध्यावर आलं तरी फाइलचा आकार जिथल्या तिथं. काट्यावर बसणाऱ्या माणसाला हे आधी दिसायला हवं. म्हणून आता दुकानात काम करणाऱ्या पोराला मी पहिल्या दिवशीच शिकवतो, कापल्यावर केबी बघ. उतरले नाहीत तर थांब, नवीन नावानं सेव्ह कर, आणि तेच बाहेर पाठव.

दुसरी गोष्ट जास्त लागली. आमच्या दुकानांत काउंटरवर पाटीच असते, 'फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा'. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबला जातो, प्रिंट फुटते, म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगतो. तसं पाठवलं की फाइल जशीच्या तशी येते. आणि जशीच्या तशी म्हणजे शेपटासकट, आतल्या छोट्या चित्रासकट, कुठं काढला त्या जागेच्या नोंदीसकट. साधा फोटो पाठवताना व्हॉट्सॲप ती फाइल नव्यानं बांधतं, त्यात हा सगळा गाळ गळून जातो. म्हणजे चांगल्या प्रिंटसाठी जी शिस्त आम्ही गावाला लावली, त्याच शिस्तीनं कापलेलं शाबूत ठेवलं असतं. पाटी मी काढली नाही, प्रिंट चांगली यायलाच हवी. पण आधार कार्ड, पासबुक, कुणाचा नंबर कापलेला स्क्रीनशॉट असं काही असेल तर आता मीच सांगतो, "हे साधं पाठवा, थोडं पुसट आलं तरी चालेल."

फोटोच्या फायलींत याहून भयंकर गोष्टीही निघाल्या आहेत. २०१६ च्या मे महिन्यात इमेजमॅजिक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक त्रुटी सापडली. असंख्य वेबसाइटींच्या मागं बसून फोटो लहान-मोठे करण्याचं काम ते करतं. नावाला जेपीजी असलेल्या फाइलमध्ये चित्राऐवजी हुकूम लिहून पाठवले, तर पलीकडचा सर्व्हर ते हुकूम पाळायचा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये वेबपी नावाच्या प्रकारातली चित्रं उलगडणाऱ्या कोडमध्ये दोष निघाला, तो क्रोम, फायरफॉक्स अशा मोठमोठ्या ब्राउझरांना भोवला. त्यांच्या बातम्या मोठ्या झाल्या, व्हायलाच हव्या होत्या. तरी माझ्या मनातून जात नाही तो कापायचा दोषच. बाकीच्यांत कुणी चोर असतो, कुणीतरी मुद्दाम वाईट फाइल बनवून पाठवतो. इथं कुणी चोर नाही. एक साधा माणूस दुसऱ्याला फोटो देताना स्वतःची एक गोष्ट झाकू पाहतो, झाकली आहे असं यंत्र त्याला दाखवतं, आणि तो विश्वासानं हात पुढं करतो.

आता पुराचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

२००५ च्या महापुरात दुकानात पाणी आलं होतं. पाणी ओसरल्यावर अण्णांनी भिंतीवर खिळ्यानं खूण केली आणि निगेटिव्हचं कपाट त्या खुणेच्या वर जाईल असा कट्टा बांधून घेतला. सांगलीत बहुतेकांनी तेच केलं होतं. २००५ ची खूण म्हणजे शेवटची, असं सगळ्यांनी मनोमन धरलं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. खुणेच्या वर, कट्ट्याच्या वर, कपाटाच्या वर पाणी गेलं. आम्ही दुकानात पोचलो तेव्हा बुटांची खोकी म्हणजे नुसता लगदा झाला होता. निगेटिव्ह एकमेकींना चिकटल्या होत्या. एक सोडवायला गेलो तर वरचा थर शेवाळासारखा बोटाला लागून आला. त्यात चेहरा होता, माझ्या अंगठ्यावर आलेला. अण्णा तेव्हा ऐंशीच्या घरातले. दारातल्या चिखलात खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, "चला, सुटलो." काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही. चाळीस वर्षांची राखण होती ती. संगणकाच्या हार्ड डिस्कही गेल्या, जुन्या कामांच्या मूळ फायलींसकट.

जपायचं ठरवलं ते नदीनं नेलं. कापून टाकलं ते कुठल्या कुठल्या फायलींच्या शेपटांत सुखरूप आहे. मला या दोन गोष्टींचा एकमेकींशी मेळ घालता येत नाही, आणि अलीकडं मी घालायचा प्रयत्नही सोडून दिलाय.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला एक मुलगा दुकानात आला. विशी ओलांडलेला, दाढी वाढलेली, डोक्याचे केस नुकतेच काढलेले. म्हणाला, "काका, तुमच्याकडं आमचा एक फोटो आहे. हरिपूरचा. आई म्हणाली, विचारून बघ."

मी त्याच्या खांद्याकडं बघितलं. न बघता राहवलं नाही.

वडील महिन्यापूर्वी वारले होते, दुसऱ्या गावी. दहाव्याला तो गेला होता. तिथं भिंतीवरच्या फोटोत वडील होते, पण त्या फोटोत तो नव्हता. घरात दोघांचा एकत्र असा एकही फोटो नाही, तो म्हणाला. आईनं बाकीचे कधीच ठेवले नव्हते, आणि ते कॅमेऱ्याचं कार्ड कधी गेलं ते कुणाला आठवत नाही.

मी त्याला बसवलं, चहा सांगितला आणि त्याच्या आईला फोन लावला. अण्णा गेले त्याला आता चार वर्षं झाली, पण हा फोन त्यांनीच लावायला लावला म्हणा. सोळा वर्षांनी तो आवाज मी ओळखला. मी म्हणालो, "ताई, तो आलाय. देऊ का?" पलीकडं बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मीच पाठवलंय, दादा. द्या त्याला."

दुकानातली फाइल पुरात गेलेली. राहिली होती ती विश्रामबागच्या घरातली सीडी. संध्याकाळी मी ती घेऊन आलो. लाल अक्षरं विटून गुलाबी झाली होती. सीडी वाचली जाईल की नाही अशी धाकधूक होती. ड्राइव्ह दोनदा अडखळला आणि मग फोल्डर उघडला. एकच चौकोन. त्यात तिघं.

आत १६० बाय १२० ठिपके, बाकी काही नाही. मोठा केला तर चौकोनी ठिगळं होत होती, पासपोर्टएवढासुद्धा टिकेना. हल्ली अशा फोटोला नवीन साधनं चेहरे भरून देतात, तसं करून बघू का म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "भरलेला चेहरा कुणाचा असेल?" मग स्क्रीनजवळ वाकून बराच वेळ बघत राहिला. त्या आकाराला बोटं मोजता येत नाहीत. चार ठिपके आहेत, शर्टाच्या रंगापेक्षा जरा काळपट. पण हात खांद्यावर आहे हे कळतं.

"आहे तेवढाच काढा," तो म्हणाला.

प्रिंटवर तो जेमतेम तेरा मिलिमीटर रुंद आला, खरोखर अंगठ्याच्या नखाएवढा, चार बाय सहाच्या कोऱ्या चकचकीत कागदाच्या मधोमध. अण्णांचं नागमोडी कटर पुरातून वाचलं होतं, पातं गंजलेलं पण चालणारं. त्यानं मी चारी बाजू कापल्या. तो फोटो त्यानं पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवला. खाली पडलेल्या पट्ट्या मी सवयीनं उचलून उजेडात धरून बघितल्या. चारी कोऱ्या होत्या.